नियम पाळणाऱ्या पोलिसाचे हसे

२६ जून १९८७ रोजी युनिव्हर्सल कंपनीचा ‘ड्रॅगनेट’ हा विनोदी चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. ज्या पोलीस मालिकेचे नाव, धून आणि नायक त्याने उचलले होते, तिने त्या देशातील दोन पिढ्यांना पोलीस कसा दिसतो, कसा बोलतो आणि दारावर थाप कशी मारतो हे शिकवले होते. चित्रपटाने अमेरिकेत सुमारे ५.७ कोटी डॉलरचा गल्ला जमवला, समीक्षकांनी त्यातील अभिनयाचे कौतुक केले आणि गोष्ट तिथेच संपली असे बहुतेकांनी मानले. मला ती संपलेली वाटत नाही. पोलिसांबद्दलच्या एखाद्या गंभीर कलाकृतीचा विनोदी अवतार काढताना नेमके कशावर हसायचे, हा प्रश्न वरवर करमणुकीचा दिसतो, पण तो सार्वजनिक जीवनाचा प्रश्न आहे. माझा आक्षेप विनोदाला मुळीच नाही. हा चित्रपट चुकीच्या गोष्टीवर हसला, आणि त्याच्या मागून आलेल्या अनेक चित्रपटांनी तीच चूक गिरवली, एवढेच मला म्हणायचे आहे.

आधी मूळ मालिकेविषयी, कारण ती काय होती हे नीट सांगितल्याशिवाय तिच्या थट्टेचे मोल ठरवता येणार नाही. जॅक वेब हा नट १९४८ साली एका गुन्हेपटात पोलीस प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाची छोटी भूमिका करत होता. त्या चित्रपटाला तांत्रिक सल्ला देणारे लॉस एंजेलिस पोलीस दलातील सार्जंट मार्टी विन यांनी त्याला सुचवले की, रेडिओवरचे भडक गुप्तहेर ऐकण्यापेक्षा पोलीस खरोखर कसे काम करतात ते लोकांना ऐकवावे. वेबने ते मनावर घेतले. तो पोलिसांबरोबर गस्तीला गेला, ठाण्यातील बोली त्याने कानांनी टिपली, आणि जून १९४९ मध्ये एनबीसी रेडिओवर ‘ड्रॅगनेट’ सुरू झाली. डिसेंबर १९५१ मध्ये ती दूरचित्रवाणीवर आली आणि १९५९पर्यंत चालली. पुढे १९६७ ते १९७० या काळात तिचे पुनरुज्जीवन झाले. सार्जंट जो फ्रायडे, बिल्ला क्रमांक ७१४, ही भूमिका प्रत्येक वेळी वेबनेच केली, आणि निर्मिती व दिग्दर्शनाची सूत्रेही त्याच्याच हाती राहिली.

फ्रायडे कसा होता? तो वार सांगे, हवा सांगे, आज कोणत्या विभागात पाळी आहे आणि वरिष्ठ अधिकारी कोण आहेत ते सांगे, आणि मग कामाला लागे. त्याच्या आवाजात चढउतार जवळजवळ नसत. तो एका दारावरून दुसऱ्या दारावर जाई, शेजाऱ्यांची जबानी घेई, नोंदी चाळी, दूरध्वनीची वाट पाही. बंदूक तो क्वचितच काढी. भागाच्या अखेरीस आरोपीवर कोणत्या न्यायालयात खटला चालला आणि त्याला काय शिक्षा झाली, हे कोरड्या शब्दांत सांगितले जाई. पोलिसाचे काम म्हणजे पाठलाग आणि गोळीबार नसून कंटाळा, पायपीट आणि कागद आहे, ही गोष्ट वेबने लाखो घरांत पोहोचवली. नाताळसाठी आणलेल्या रायफलीमुळे एका लहान मुलाचा जीव जातो, अशी कथा या मालिकेने आधी रेडिओवर आणि १९५२ साली दूरचित्रवाणीवर सणाच्या दिवसांतच दाखवली. त्या भागात खलनायक नव्हता, झटापट नव्हती. होते फक्त एक हरवलेले मूल, त्याचा शोध आणि शोधाचा शेवट. ज्या माध्यमात त्या काळी प्रत्येक गुन्ह्याला एक दुष्ट चेहरा लागत असे, तिथे हे धाडस लहान नव्हते, आणि म्हणून वेबला नुसता पोलिसांचा भाट म्हणून मोडीत काढणे मला मान्य नाही.

भाटगिरी मात्र होती, आणि तिची किंमतही मोठी होती. दलाच्या फायलींतील प्रकरणे वापरण्याची मुभा, ठाण्यांत चित्रीकरण, खऱ्या गाड्या आणि खरे बिल्ले हे सगळे वेबला मिळत होते, ते संहिता दलाच्या नजरेखालून जात होत्या म्हणून. १९५०च्या ऑगस्टमध्ये विल्यम पार्कर लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख झाले आणि १९६६ साली मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या आधीचे नेतृत्व लाचखोरीच्या प्रकरणांत बदनाम झाले होते. पार्कर यांनी दलाला शिस्त लावली, राजकारण्यांचा हस्तक्षेप तोडला, आणि त्याच वेळी दलाची प्रतिमा हे प्रमुखाने स्वतः सांभाळायचे काम आहे हे ओळखले. मालिकेच्या श्रेयनामावलीत तांत्रिक सल्ल्यासाठी त्यांच्या कार्यालयाचे नाव झळकत असे. प्रत्येक भागाच्या आरंभी निवेदक सांगे की, तुम्ही पाहणार आहात ती कथा खरी आहे, फक्त निरपराधांच्या रक्षणासाठी नावे बदलली आहेत.

ज्या डिसेंबरमध्ये ही मालिका दूरचित्रवाणीवर आली, त्याच डिसेंबरच्या २५ तारखेला पहाटे लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती तुरुंगात सात तरुणांना सुमारे पन्नास पोलिसांनी आळीपाळीने मारले. सातपैकी पाच जण मेक्सिकन वंशाचे होते. पोलीस नाताळची मेजवानी साजरी करत होते आणि दारू प्यायले होते. ‘रक्तरंजित नाताळ’ या नावाने हे प्रकरण पुढे ओळखले गेले. १९५२ साली आठ पोलिसांवर आरोप ठेवले गेले, पाच दोषी ठरले, ३९ जणांना निलंबित केले आणि ५४ जणांची बदली झाली. त्या वर्षी ‘ड्रॅगनेट’ घरोघरी पाहिली जात होती, आणि त्या कथाही खऱ्याच होत्या. फक्त हे प्रकरण त्यांच्यात बसणारे नव्हते. १९५५ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅहान खटल्यात निर्णय दिला की, बेकायदा झडतीतून मिळालेला पुरावा राज्याच्या न्यायालयात चालणार नाही. तो खटला याच दलाचा होता: प्रमुखांच्या परवानगीने पोलीस एका घरात चोरून शिरले होते आणि त्यांनी तिथे ध्वनिग्राहक दडवले होते. पडद्यावरचा फ्रायडे टोपी काढून दाराशी उभा राहत होता तेव्हा त्याचे खरे सहकारी अशा रीतीने आत जात होते. निवडून सांगितलेले सत्य ही काय चीज असते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

अशा मालिकेची थट्टा व्हायलाच हवी होती, आणि ती १९८७ची वाट पाहत थांबलेली नव्हती. १९५३ सालीच स्टॅन फ्रीबर्ग या विनोदकाराने मालिकेच्या बोलण्याची नक्कल करून संत जॉर्ज आणि ड्रॅगनची एक ध्वनिमुद्रिका काढली आणि ती अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. ‘बाई, फक्त वस्तुस्थिती सांगा’ हे वाक्य आज सगळे जण फ्रायडेच्या नावावर सांगतात, पण त्या ठरीव रूपात वेबने ते मालिकेत म्हटलेले नाही. ते रुजले ते नकलेतून. १९६८ साली वेब स्वतः जॉनी कार्सनच्या रात्रीच्या कार्यक्रमात गेला आणि घंटेच्या तांब्याच्या लोलकांची चोरी करणाऱ्या एका चोराबद्दलचा जिभेची कसरत करणारा प्रवेश चेहऱ्यावरची रेषही न हलवता करून आला. म्हणजे ‘ड्रॅगनेट’वर हसणे हे ‘ड्रॅगनेट’इतकेच जुने आहे, आणि ज्याच्यावर हसायचे तोही त्यात सामील होता. एखाद्या अभिजात कलाकृतीला हात लावू नये, असल्या सोवळ्या भूमिकेतून हा लेख लिहिलेला नाही.

मधल्या काळाचा एक तुकडा इथे सांगणे गरजेचे आहे. ऑगस्ट १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात एका तरुणाची गाडी वाहतूक पोलिसाने अडवली आणि त्यातून जो उद्रेक झाला त्यात सहा दिवसांत ३४ माणसे मेली. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिरांडा खटल्यात ठरवून दिले की, ताब्यातील माणसाची चौकशी करण्यापूर्वी त्याला गप्प राहण्याचा आणि वकील मिळवण्याचा हक्क सांगितलाच पाहिजे. जानेवारी १९६७ मध्ये ‘ड्रॅगनेट’ रंगीत होऊन परतली ती या पार्श्वभूमीवर. या दुसऱ्या पर्वात फ्रायडे फार उपदेश करतो, हिप्पींना आणि विद्यार्थ्यांना लांबलचक व्याख्याने देतो, आणि काही भाग आज बघवत नाहीत. तरीही त्यात दोन गोष्टी घडल्या. एक, फ्रायडे आणि त्याचा सहकारी बिल गॅनन आरोपीला त्याचे हक्क वाचून दाखवू लागले, आणि हे वाक्य मालिकांतून इतक्या वेळा कानांवर पडत गेले की, २००० साली सर्वोच्च न्यायालयाने मिरांडाचा नियम कायम ठेवताना ही सूचना आता राष्ट्रीय संस्कृतीचा भाग झाली आहे असे नमूद केले. दुसरी, १९६७च्या एका भागात खुद्द फ्रायडेच्या गोळीने एक चोर मरतो आणि गोळीबाराची चौकशी करणाऱ्या मंडळापुढे त्याला बसावे लागते. चोराने आधी गोळी झाडली या त्याच्या म्हणण्याला पुरावा सापडत नाही, आणि तोवर त्याच्यावर संशय राहतो. शेवटी तो निर्दोष सुटतो हे खरे. पण नायकाचा शब्द पुराव्याविना पुरेसा नाही, हे त्या अर्ध्या तासात प्रेक्षकाला मान्य करावे लागते.

वेब डिसेंबर १९८२ मध्ये वारला. त्याला पोलिसी इतमामाने निरोप दिला गेला, आणि तेव्हाचे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांनी ७१४ हा क्रमांक यापुढे कोणालाही दिला जाणार नाही असे जाहीर केले. कधीच पोलीस नसलेल्या नटासाठी खऱ्या दलाने आपल्या यादीतून एक क्रमांक वगळला. पडदा आणि ठाणे यांच्यातली सरहद्द किती पुसली गेली होती, ते यावरून दिसते.

आता १९८७चा चित्रपट. दिग्दर्शक टॉम मँकिविझ यांचा हा पहिलाच चित्रपट होता. पटकथा त्यांनी डॅन अॅक्रॉइड आणि अॅलन झ्वायबेल यांच्यासोबत लिहिली. अॅक्रॉइडने जुन्या फ्रायडेच्या त्याच नावाच्या पुतण्याची भूमिका केली. कडक इस्त्रीचा राखाडी सूट, बारीक कापलेले केस, श्वास न घेता म्हटलेली कलमे आणि पोटकलमे हे सारे त्याने इतक्या निष्ठेने उभे केले आहे की, त्यात वेबवरचे प्रेम लपत नाही. हॅरी मॉर्गन, म्हणजे जुना बिल गॅनन, इथे कॅप्टन झालेला आहे, आणि त्याला त्या खुर्चीत पाहताना जुन्या प्रेक्षकाला बरे वाटते. टॉम हँक्सने साकारलेला पेप स्ट्रीबेक हा फ्रायडेचा नवा जोडीदार: अंमली पदार्थ विभागातून गुप्त वेशात काम करून आलेला, केस वाढवलेला, बेफिकीर. खलनायक जोनाथन व्हर्ली हा दूरचित्रवाणीवरून नीतीचे धडे देणारा धर्मोपदेशक असून, तोच एका पाखंडी गुन्हेगारी टोळीचा छुपा म्होरक्या आहे. क्रिस्टोफर प्लमर यांनी तो झकास रंगवला आहे. त्याच वर्षी अमेरिकेत दूरचित्रवाणीवरच्या उपदेशकांची लफडी बाहेर पडत होती, त्यामुळे ही थट्टा थेट बोचणारी होती. अश्लील मासिकाचा प्रकाशक, मतांसाठी त्या उपदेशकाच्या मागे धावणारे पुढारी, या सगळ्यांवर चित्रपट मनसोक्त हसतो.

पोलीस दलावर मात्र तो हसत नाही. कथा खरी असल्याच्या जुन्या निवेदनाची आरंभी एक ओझरती गंमत केली आहे, पण ती शाब्दिक कोटी आहे. ते निवेदन कोणाच्या संमतीने लिहिले जाई, कोणती खरी कथा गाळली जाई, याकडे ती वळतही नाही. हसण्याचा सारा भार एका माणसाच्या शिस्तीवर टाकलेला आहे. फ्रायडे नियमपुस्तक पाठ म्हणतो म्हणून हास्यास्पद, तो वेगमर्यादा पाळतो म्हणून हास्यास्पद, जोडीदाराच्या केसांची लांबी नियमात बसत नाही असे सांगतो म्हणून हास्यास्पद. इथपर्यंत ठीक आहे, कारण शिस्तीचा अतिरेक विनोदी असतोच आणि मोलिएरपासून आपल्या लोकनाट्यातल्या शिपायापर्यंत सगळ्यांनी त्यावर विनोद केला आहे. पण कथा पुढे सरकते तसा हा विनोद निवाडा बनतो. एका चौकशीत फ्रायडेच्या शिस्तशीर प्रश्नांनी जे साधत नाही, ते स्ट्रीबेक संशयिताला शारीरिक वेदना देऊन क्षणात साधतो, आणि तो प्रसंग टाळ्याहशांसाठीच रचलेला आहे. प्रतिष्ठित उपदेशकावर आरोप केल्याबद्दल फ्रायडेचा बिल्ला काढून घेतला जातो, आणि बिल्ला नसताना तो जे करतो त्यातूनच शहर वाचते. तो माणसात येतो असे चित्रपट सांगतो, आणि माणसात येणे म्हणजे नियमांची पकड सैल होणे. ज्या कॉनी स्वेल या तरुणीचा उल्लेख तो चित्रपटभर ‘कुमारिका’ या विशेषणासह करतो, ते विशेषण शेवटी त्याच्या तोंडून गळते. अखेरचा हशा त्यावरच आहे. सुटलेला पोलीस हाच चांगला पोलीस, असा या रचनेचा अर्थ होतो, मग ती लिहिणाऱ्यांच्या मनात तो असो वा नसो.

वेबच्या मालिकेत खोट कुठे होती आणि मोल कुठे होते? खोट त्या दलाशी झालेल्या व्यवहारात होती, आणि मोल या आग्रहात होते की, पोलिसाला बांधणारे काहीतरी असते: वेळ, नोंद, वॉरंट, न्यायालय, चौकशी मंडळ. चित्रपटाने खोटीला हात लावला नाही आणि मोलाची टर उडवली. जुन्या फ्रायडेचा ढोंगीपणा उघडा करायचा होता, तर तो नियम पाळतो यावर हसण्यात काय हशील? त्याचे दल ते पाळत नव्हते, हसायची जागा ती होती.

कोणी म्हणेल की, उन्हाळी सुट्टीतल्या चित्रपटावर एवढे ओझे कशाला. हा आक्षेप मी हलका मानत नाही. विनोदाला प्रत्येक वेळी समाजाचे ऑडिट करायला लावणे हा विनोदाचाच गळा घोटण्याचा प्रकार आहे. म्हणूनच, तो चित्रपट जिथे घडतो त्या शहरात त्या वर्षी काय चालले होते, ते पाहून मग वाचकाने ठरवावे. फेब्रुवारी १९८५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पकॉइमा भागात पोलिसांनी एका घराची भिंत फोडली ती चिलखती गाडीला बसवलेल्या लांब पोलादी दांड्याने. त्या गाडीत प्रमुख गेट्स स्वतः बसले होते आणि वार्ताहरांना बोलावलेले होते. घरात स्त्रिया होत्या आणि लहान मुले आइस्क्रीम खात होती. कोकेन सापडले ते नगण्य. १९८७ साली, म्हणजे चित्रपट आला त्याच वर्षी, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, हे यंत्र वापरण्यासाठी झडतीचे नेहमीचे वॉरंट पुरेसे नाही, दंडाधिकाऱ्याची स्वतंत्र पूर्वपरवानगी लागेल. त्याच वर्षी टोळ्यांविरुद्धची ‘हॅमर’ नावाची मोहीम सुरू झाली, आणि एप्रिल १९८८ मधल्या एका शनिवार-रविवारी तिच्यात १,४५३ जणांना पकडले गेले. त्या ऑगस्टमध्ये डाल्टन अव्हेन्यूवरच्या दोन इमारतींवर ऐंशीहून अधिक पोलिसांनी छापा घातला, भिंती आणि न्हाणीघरे फोडली, सामानाचा चुराडा केला. शहराला भरपाईपोटी सुमारे ३८ लाख डॉलर मोजावे लागले. असे दल समोर असताना, पोलीस फार नियम पाळतात हा विनोद सुचणे आणि तो कोट्यवधींना पटणे, ही वस्तुस्थिती मला अस्वस्थ करते. दोन दशकांच्या काळात दोन पर्वांत चाललेल्या मालिकेने पोलीस अति काटेकोर असतात हे इतके खोल बिंबवले होते की, थट्टा करणाऱ्यांनाही त्या समजुतीच्या बाहेर पडता आले नाही. वेबला शोभणारा हा विजय आहे. फक्त तो त्याच्या विरोधकांनी त्याला मिळवून दिला.

मागून आलेल्या विनोदी अवतारांपैकी बहुतेकांनी, म्हणजे २००४च्या ‘स्टार्स्की अँड हच’ने आणि २०१७च्या ‘चिप्स’ने, एक ताठर आणि एक मोकाट अशी जोडी घेऊन हाच साचा वापरला, त्यांच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे मला काही सापडत नाही. अपवाद २०१२च्या ‘२१ जंप स्ट्रीट’चा, आणि तोही एकाच प्रसंगापुरता, पण तो प्रसंग फार शहाणा आहे. दोन नवशिके पोलीस उद्यानात एका गुंडाला पकडतात, आनंदाने नाचतात, आणि मग वरिष्ठांसमोर उघड होते की, आरोपीला सोडून द्यावे लागले, कारण पकडणाऱ्याला मिरांडाची सूचना नीट म्हणताच आली नव्हती. ती म्हणून दाखव म्हटल्यावर तो भलतेच काहीतरी बडबडतो. प्रेक्षक खो खो हसतो, आणि ज्याच्यावर हसतो ते म्हणजे नियम न येणे. विनोद तेवढाच मोकळा, तेवढाच पोरकट, कोणताही उपदेश नाही. फक्त हशाचे तोंड दुसऱ्या दिशेला. करमणुकीवर ओझे टाकू नका म्हणणाऱ्यांना माझे उत्तर हा प्रसंग आहे.

मराठी वाचकाला हा सगळा प्रकार परका वाटू नये. मुंबई दूरदर्शनवरच्या ‘एक शून्य शून्य’ने पोलिसांच्या तपासकथा आपल्या दिवाणखान्यात आणल्या, आणि तिच्यातले शिवाजी साटम पुढे १९९८पासून ‘सीआयडी’त एसीपी प्रद्युम्न झाले. त्या हिंदी मालिकेतून आज लहान पोरांच्याही तोंडी उरले आहे ते एक वाक्य, दयाला दरवाजा तोडायला सांगणारे. त्यावरचे विनोद मीही हसून वाचले आहेत. पण त्या शेकडो विनोदांमध्ये दारामागच्या माणसाचा विनोद मला कधी भेटला नाही, किंवा वॉरंट विसरून आलेल्या दयाचा. आणि आपल्या भाषेत तर याहून जुना, याहून मुरलेला विनोद आहे. ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपी पोपटासारखा बोलू लागला’ हे वाक्य आपल्या वर्तमानपत्रांच्या गुन्हेवार्तांत इतक्या सहजपणे छापले जाते की, त्यात एका माणसाला कोठडीत मारल्याची बातमी आहे हे वाचताना जाणवतही नाही. ‘पाहुणचार’, ‘प्रसाद’, ‘हिसका’, ‘बोलता केला’: या शब्दसंपत्तीत हसू आधीच मिसळलेले आहे. पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, असे १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ने सांगितले होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २३ तेच सांगते. कायद्याला दीडशे वर्षांपासून जी शंका आहे ती आपल्या विनोदाला अजून आलेली नाही. चौकशीच्या त्या प्रसंगात अमेरिकेतला प्रेक्षक जसा हसला असेल तसेच आपण रोज सकाळी चहाबरोबर हसतो, म्हणून ‘ड्रॅगनेट’बद्दल लिहिताना परदेशी समाजाचे दोष काढल्याचा आव मला आणता येत नाही.

३ मार्च १९९१ रोजी मध्यरात्र उलटल्यावर लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय नागरिकाला मारले आणि समोरच्या इमारतीतल्या एका रहिवाशाने ते चित्रित केले. फ्रायडेच्या शहराची ही कथा दलाच्या नजरेखालून न जाता दूरचित्रवाणीवर आली. त्यानंतर नेमलेल्या क्रिस्टोफर आयोगाने जुलै १९९१ मध्ये अहवाल दिला. बळाचा वाजवीपेक्षा जास्त वापर करणारे अधिकारी कोण आहेत हे दलाला माहीत असते आणि तरी त्यांना आवरले जात नाही, असे त्यात नोंदवले आहे. ते ठरवण्यासाठी आयोगाने तक्रारींच्या फायली तर वाचल्याच, शिवाय गस्तीच्या मोटारींत बसवलेल्या संगणकांवरून पोलिसांनी एकमेकांना पाठवलेले संदेशही काढून पाहिले. पोलिसांना ठाऊक होते की, या संदेशांची नोंद राहते आणि वरिष्ठ ते पाहू शकतात. तरीही त्यांत ठिकठिकाणी मारहाणीची बढाई होती, पाठलाग संपल्यावर सापडलेल्या माणसाचे काय करायचे याची खुशीने केलेली वर्णने होती, वंशावरून केलेली टिंगल होती, आणि बहुतेक ठिकाणी ते सारे विनोद म्हणून लिहिलेले होते.